नोकरीचा शोध : घुग्घुसच्या विद्यार्थ्यांस चार शब्द



परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आपल्या गांवांतील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : "आतां पुढें काय?" ज्यांच्या घरची स्थिति बरी आहे ते पुढील शिक्षणाचा विचार करतात, परंतु पुष्कळांना दोन-तीन वर्षांतच कमाईस लागणें भाग असतें. वडिलांची निवृत्ति जवळ आलेली, धाकटीं भावंडें शाळेंत, आणि सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागलेले, अशी त्यांची अवस्था असते. भूमितींतील प्रमेय सोडविण्याची रीत आपणांस शाळेंत शिकवितात. पण नोकरी कशी शोधावी हें कोणत्याहि इयत्तेच्या क्रमिक पुस्तकांत नाहीं. वास्तविक तिचीहि एक रीत आहे. ती ज्यास ठाऊक असते त्याचे श्रम वांचतात, आणि ज्यास ठाऊक नसते तो पुष्कळदां दैवाला बोल लावीत बसतो. म्हणून ही रीत येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

१. प्रथम आपला मुलूख पाहावा

नोकरी शोधणारा बहुधां पहिली चूक ही करतो कीं, तो जाहिराती वाचूं लागतो, पण आपल्या सभोंवार कोणकोणतीं कामें चालतात तें पाहत नाहीं. आपलें घुग्घुस वर्धा नदीच्या कांठीं वसलें आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुका लागतो. येथील कोळशाच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या वणी क्षेत्रांत मोडतात. कंपनीची मुख्य कचेरी नागपुरास आहे. गांवाला लागून ए.सी.सी.चा चांदा सिमेंटचा कारखाना आहे, लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्नचा कारखाना आहे. थोडें दूर गेल्यास ताडाळीची औद्योगिक वसाहत, चंद्रपूरचें महाऔष्णिक वीज केंद्र, भद्रावतीची आयुध निर्माणी आणि बल्लारपूरचा कागद कारखाना लागतो. पूर्वेस गडचिरोली जिल्ह्यांत सुरजागडचें लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना यांमुळें नवीं कामें निघूं लागलीं आहेत.

आतां, कारखाना म्हटला म्हणजे केवळ कामगार आणि साहेब, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. पण एका सिमेंटच्या कारखान्यास फिटर लागतो, वीजतंत्री लागतो, वेल्डर लागतो. माल तपासणारा रसायनशाळेंतील मदतनीस लागतो. वजनकाट्यावर नोंद करणारा, भांडाराचा हिशेब ठेवणारा, संगणकावर काम करणारा, मालगाडीच्या डब्यांचा हिशेब पाहणारा, दवाखान्यांतील परिचारिका, उपाहारगृहांतील आचारी, अशीं नाना माणसें लागतात. शिवाय कारखान्याभोंवतीं दुरुस्तीचीं दुकानें, वाहतुकीच्या कचेऱ्या, शाळा, बँका आणि नगर परिषद आहेच. म्हणून एक वही करावी, आणि सुटीच्या पहिल्या आठवड्यांत, पंचवीस किलोमीटरच्या आंत कोण कोण माणसें कामास ठेवतो आणि कोणत्या कामास ठेवतो, याची यादी तींत लिहावी. शेजारचे काका, मामा, मित्राचे वडील यांस विचारल्यानें ही यादी चार दिवसांत तयार होते. ज्यानें ती केली त्यानें अर्धें काम केलें असें समजावें.

खाणींविषयीं दोन गोष्टी निराळ्या सांगितल्या पाहिजेत. खाणींतील जबाबदारीचीं पुष्कळ कामें परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय मिळत नाहींत. मायनिंग सरदार, ओव्हरमन या जागांसाठीं खाणसुरक्षा महासंचालनालयाचीं, म्हणजे धनबाद येथील सरकारी खात्याचीं, प्रमाणपत्रें लागतात. त्यांबरोबर प्रथमोपचार आणि वायुपरीक्षण यांचेंहि ज्ञान पाहिजे. दुसरी गोष्ट मुलींसाठीं. १९५२ च्या खाण कायद्यानें स्त्रियांस भुयारी खाणींत कामावर घेण्यास मनाई होती. परंतु २०१९ सालीं केंद्र सरकारनें तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती ती शिथिल केली. तेव्हां "खाण हें मुलींचें काम नव्हे" असें कोणी म्हणाल्यास तें जुनें झालें असें निःशंकपणें सांगावें.

२. वडिलांच्या नोकरीवर विसंबूं नये

आपल्याकडे एक समजूत खोल रुजलेली आहे. वडील खाणींत आहेत, तेव्हां आज ना उद्यां आपणहि तेथेंच लागूं, असें कित्येक मुलें धरून चालतात. कामावर असतां कामगार मरण पावल्यास त्याच्या वारसास, किंवा जमीन गेल्यास प्रकल्पग्रस्तास, नियमाप्रमाणें नोकरी मिळते हें खरें. पण अशी नोकरी घरावर आलेल्या संकटाची भरपाई असते. तिची वाट पाहत तारुण्याचीं वर्षें घालविणें म्हणजे नकळत संकटाचीच वाट पाहणें होय. कोणत्याहि सुजाण मुलास हें रुचणार नाहीं.

या बाबतींत आपल्याच जिल्ह्यांतील वरोऱ्याची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें वरोरा येथें कोळशाची खाण चालविली. तिच्या कोळशासाठीं वर्ध्याहून रेल्वेची शाखा तेथवर आणली. लोकांस वाटलें, आतां या गांवास मरण नाहीं. परंतु १९०६ सालीं ती खाण बंद पडली, आणि त्या सुमारास बल्लारपूरच्या खाणीचें युग सुरू झालें. जमिनींतील कोळसा मोजका असतो. आपल्या हातांतील कसब मात्र आपण जातों तेथें आपल्याबरोबर येतें. त्याच वरोऱ्यास पुढें बाबा आमटे यांनीं आनंदवन वसविलें, आणि ज्यांस जगानें घराबाहेर काढलें होतें अशा कुष्ठरोग्यांनीं तेथें शेती, विणकाम आदि उद्योग शिकून आपली भाकरी आपण मिळविली. खाण गेली तरी उद्योग करणारीं माणसें त्या भूमींत पुनः उभीं राहिलीं, हा बोध आपण घ्यावा.

३. कसब कोठें मिळवावें

दहावीनंतर ज्यांस लवकर कमाईस लागावयाचें आहे त्यांनीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आय.टी.आय.चा, विचार करावा. फिटर, वीजतंत्री, वेल्डर, डिझेल मेकॅनिक इत्यादि अभ्यासक्रम तेथें असतात. कांहीं एक वर्षाचे, कांहीं दोन वर्षांचे. कोणता घ्यावा हें मित्रानें कोणता घेतला यावरून ठरवूं नये. वर सांगितलेल्या यादींत ज्या कामाचें नांव अधिक वेळां आलें असेल, आणि ज्या कामांत आपला हात व मन रमत असेल, तोच निवडावा.

त्यानंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणें मोठ्या कारखान्यांस आपल्या कामगारसंख्येच्या ठराविक प्रमाणांत शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, व त्यांस विद्यावेतन द्यावें लागतें. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. मात्र एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी : शिकाऊ उमेदवारी हें कायम नोकरीचें वचन नव्हे. वर्ष संपल्यावर "आम्हांस ठेवलें नाहीं" म्हणून रडत घरीं येणारे पुष्कळ असतात. त्या वर्षांत मिळालेला अनुभव आणि प्रमाणपत्र घेऊन जो पुढच्या दाराशीं जातो, त्यासच त्या वर्षाचें खरें मोल मिळतें.

४. कागदपत्रें

महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रांतील एक प्रसंग येथें आठवतो. १८७५ सालीं, सतरा वर्षांचे असतांना, सहावीच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते कोंकणांतील मुरुडाहून सह्याद्रि ओलांडून साताऱ्यापर्यंत पायीं चालत गेले. इतक्या कष्टानें पोंचल्यावर, हा मुलगा वयानें लहान दिसतो या कारणास्तव त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. वयाची अट त्यांनीं पुरी केलेली होती. पण तेथल्या तेथें अधिकाऱ्याची खात्री पटेल असें कांहीं त्यांच्यापाशीं नव्हतें. ते निराश होऊन शिक्षण सोडते तर फर्ग्युसन महाविद्यालयास गणिताचा तो प्राध्यापक मिळाला नसता, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठहि स्थापन झालें नसतें.

आज जन्मतारखेचा पुरावा नाहीं असा विद्यार्थी विरळा; पण कागदांमुळें संधि गमावणारे आजहि थोडे नाहींत. एकाच मुलाचें नांव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेनें, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेनें आणि गुणपत्रिकेवर तिसऱ्याच तऱ्हेनें लिहिलेलें असतें. ही तफावत शाळेंत असतांनाच दुरुस्त करून घ्यावी. पुढें ती दहापट अवघड होते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, आणि लागू असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर दाखला, प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र, हे सर्व एका पिशवींत ठेवून प्रत्येकाच्या तीन नकला काढाव्या. जातपडताळणीस महिनेच्या महिने लागतात. म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहतां अर्ज आधींच करावा. राखीव जागेवर निवड होऊनहि केवळ पडताळणी वेळेवर न झाल्यानें घरीं परतावें लागणें, यासारखें दुःख नाहीं.

अर्जावर जो दूरध्वनि क्रमांक दिला तो निदान दोन वर्षें बदलूं नये. मुलाखतीचें बोलावणें येतें, आणि क्रमांक बंद पडलेला असतो, असें नित्य घडतें.

५. जागांची बातमी कोठें मिळते

बातमीचीं द्वारें चार. पहिलें, कंपनीचें किंवा खात्याचें स्वतःचें संकेतस्थळ आणि सूचनाफलक. दुसरें, वर्तमानपत्रें, तीं वाचनालयांत रोज पाहावीं. तिसरें, जिल्ह्याचें रोजगार मार्गदर्शन केंद्र. त्याची नोंदणी आतां राज्य सरकारच्या महास्वयम् संकेतस्थळावर होते, आणि रोजगार मेळाव्यांची माहिती तेथेंच मिळते. चौथें द्वार माणसांचें. आपण काम शोधीत आहों हें ओळखीच्या दहा माणसांस स्पष्ट शब्दांत सांगावें, आणि कोणतें काम येतें तेंहि सांगावें. "काका, कांहीं काम असेल तर पाहा" असें म्हटल्यानें काकांच्या लक्षांत कांहीं राहत नाहीं. "काका, मी वेल्डिंग शिकलों आहें, तुमच्या ओळखीच्या दुकानांत माणूस लागत असेल तर मला कळवा" असें म्हटलें म्हणजे तें राहतें. यांत कमीपणा नाहीं. वशिला आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. वशिला अपात्रास जागा देतो. ओळख पात्र माणसाची बातमी पोंचविते.

६. अर्ज

अर्ज लिहितांना आपली गरिबी वर्णन करण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. "मी गरीब आहें, घरीं वृद्ध आईबाप आहेत, तरी कृपावंत होऊन नोकरी द्यावी," असें लिहिल्यानें वाचणाऱ्यास क्षणभर दया येईल; पण त्याला यंत्र चालविणारा माणूस पाहिजे असतो. म्हणून आपण काय करूं शकतों तेंच लिहावें. नमुना असा :

"महाशय, आपल्या कारखान्यांत फिटरची जागा रिकामी असल्याची जाहिरात वाचली. मी दहावी उत्तीर्ण असून आय.टी.आय.मध्यें फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. शिकत असतांना सहा महिने संध्याकाळीं पंप दुरुस्तीच्या दुकानांत काम केलें. पंप उघडून बेअरिंग बदलणें, पट्टा बसविणें आणि साधें वेल्डिंग हीं कामें मला स्वतंत्रपणें करतां येतात. पाळीचें काम करण्याची तयारी आहे. प्रमाणपत्रांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. बोलावल्यास कोणत्याहि दिवशीं हजर राहीन. आपला नम्र."

एवढें पुरे. प्रत्येक ठिकाणीं तोच अर्ज न पाठवितां जागेप्रमाणें दोन वाक्यें बदलावीं. लिहून झाल्यावर शिक्षकांस किंवा वडील भावास वाचावयास द्यावा, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाहीं.

७. मुलाखत

मुलाखतीस अर्धा तास आधीं पोंचावें. कपडे नवे नसले तरी धुतलेले असावे. त्या कारखान्यांत काय तयार होतें, कच्चा माल कोठून येतो, एवढी माहिती करून जावें. सिमेंटच्या कारखान्यांत मुलाखतीस जाऊन चुनखडी कशास लागते हें ठाऊक नसणें लाजिरवाणें आहे. उत्तर येत नसल्यास "मला ठाऊक नाहीं, पण शिकेन" असें सरळ म्हणावें. थापा मारणारा पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो.

घुग्घुसच्या मुलांजवळ एक धन आहे, पण त्याची त्यांस जाणीव नसते. येथें मराठी, हिंदी, तेलुगु बोलणारीं कुटुंबें शेजारीं शेजारीं राहतात, आणि मुलें खेळतां खेळतां तिन्ही भाषा उचलतात. ज्या कारखान्यांत अनेक प्रांतांचे लोक काम करतात तेथें असा माणूस फार उपयोगी पडतो. म्हणून आपणांस येणाऱ्या भाषा अर्जांत अवश्य लिहाव्या. त्यांत कामापुरत्या इंग्रजीची भर घालावी, म्हणजे यंत्रावरील सूचना वाचतां येतील.

८. दलालापासून सावध

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या भागांत कित्येक घरांतून एकच करुण कथा ऐकूं येते. कोणी ओळखीचा गृहस्थ येतो. "साहेब आपल्या खिशांत आहेत, कंपनींत मुलाला लावून देतों" म्हणतो. बाप जमीन विकतो, आई दागिने मोडते. मग शिक्का मारलेलें पत्र येतें, कधीं वैद्यकीय तपासणीचें नाटकहि होतें, आणि मुलगा रुजू होण्यास गेला म्हणजे पहारेकरी सांगतो कीं, असें पत्र येथून निघालेंच नाहीं. पैसा जातो, जमीन जाते, आणि लाजेनें कोणी तक्रारहि करीत नाहीं.

यासाठीं चार नियम पाठ करावे. सरकारी अथवा सार्वजनिक कंपनीच्या भरतींत अर्जाच्या शुल्काखेरीज पैसा लागत नाहीं, आणि तें शुल्कहि जाहिरातींत लिहिलेल्या मार्गानेंच भरावयाचें असतें; कोणा व्यक्तीच्या हातीं किंवा तिच्या खात्यांत नव्हे. जी जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाहीं ती खोटी समजावी. मूळ प्रमाणपत्रें कोणाच्याहि हवालीं करूं नयेत. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगतां पोलिसांत फिर्याद द्यावी. आपल्या गप्प बसण्यानें तोच मनुष्य शेजारचें घर बुडवितो. घरांतील वडीलधारीं माणसें प्रेमापोटीं अशा जाळ्यांत सांपडतात. त्यांस हात जोडून, पण ठामपणें, थांबविणें हें शिकलेल्या मुलाचें कर्तव्य आहे.

९. कंत्राटी काम पत्करतांना

पुष्कळांस प्रथम कंत्राटदाराकडेच काम मिळेल. तें पत्करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु डोळे उघडे ठेवून पत्करावें. मजुरी किती, ती बँकेंत जमा होणार काय, नेमणुकीचा कागद मिळणार काय, शिरस्त्राण व बूट कोण देणार, हें आधीं विचारावें. भविष्यनिर्वाह निधि कापला जात असल्यास आपला बारा आंकडी खाते क्रमांक मागून घ्यावा, आणि तितकीच रक्कम मालकाकडूनहि भरली जाते कीं नाहीं तें पाहावें. कोळसा खाणींतील कामगारांसाठीं १९४८ च्या कायद्यानें निराळा भविष्यनिर्वाह निधि आहे. विचारणारा कामगार मालकास क्षणभर आवडत नसेल. पण न विचारणाऱ्याचें नुकसान जन्मभर होतें.

१०. नकार आणि धीर

पहिल्या अर्जास नोकरी मिळाली असा मनुष्य क्वचित् आढळतो. म्हणून वहीच्या दुसऱ्या भागांत प्रत्येक अर्जाची तारीख, ठिकाण आणि परिणाम लिहावा. दहा नकार आले तर ते वाचून पाहावे. मुलाखतीस बोलावणेंच येत नसेल तर अर्जांत दोष आहे; बोलावणें येऊन निवड होत नसेल तर तयारींत उणीव आहे; आणि जागाच निघत नसतील तर क्षेत्र बदलावयास पाहिजे. नकारहि अशा रीतीनें शिक्षक होतो. मधल्या काळांत रिकामें बसूं नये. दुकानांत हिशेब लिहावा, लहान मुलांस शिकवावें, वाहन चालविण्याचा परवाना काढावा, टंकलेखन शिकावें. मालक नेहमीं विचारतो, "हें वर्ष काय केलें?" त्याचें उत्तर आपणांपाशीं असावें.

शेवटीं एक लहानसा गृहपाठ. या सुटींत प्रत्येकानें तीन गोष्टी कराव्या : भोंवतालच्या कामांची यादी, कागदपत्रांची पिशवी, आणि वरील नमुन्याप्रमाणें स्वतःचा एक अर्ज. शाळा उघडल्यावर तो अर्ज आपल्या वर्गशिक्षकांस दाखवावा. ज्याला आज नोकरीची गरज नाहीं त्यानेंहि हें करावें, कारण पाऊस आल्यावर छप्पर शाकारणारा मनुष्य भिजतोच. आणि ज्यास नोकरी मिळेल त्यानें आपल्या मागून येणाऱ्या एका तरी मुलास ही रीत समजावून सांगावी, एवढीच विनंती.